लिनोकटमधला भृंगराज

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या जंगलात भृंगराज दिसतो. काळाभोर पक्षी, डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन बारीक तारा आणि त्यांच्या टोकांना पिसांची पाती. कॅमेरेवाल्यांचा तो लाडका. लिनोकट करणाऱ्याची मात्र तो परीक्षा पाहतो. शेपटीची तार काळी छापायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे लिनोलियम खणून काढावे लागते, आणि उरलेली कड कोरणी जरा घसरली की तुटते. ती वाचली तरी भोवतालचे जंगल गेलेले असते. पक्षी कोऱ्या कागदावर टांगलेला उरतो. वन्यजीवांची पुष्कळ लिनोचित्रे इथेच शोभेची होतात: आधी रेखाटन, मग त्याच्याभोवती खोदकाम.

दुसरी वाट नंदलाल बोस यांच्या १९३०च्या, दांडीयात्रेतल्या गांधीजींच्या लिनोकटात आहे. काळी पार्श्वभूमी तशीच राखून आकृती पांढऱ्या रेषेने कोरलेली. भृंगराजाला हीच रीत मानवेल. दाट झाडीत तो ओळखू येतो तोही उजेडाच्या चार कडांवरूनच. लिनोत एका शाईच्या ठशाला करडी छटा जवळपास नाहीच. त्यामुळे त्या चार कडा कोणत्या, हे कोरण्याआधी ठरवावे लागते आणि त्यासाठी पक्षी अनेकदा पाहिलेला असावा लागतो. एका फोटोवरून कोरलेले चित्र मला चटकन कळते: त्यात पिसे सगळी असतात, बसण्याची ढब नसते.

ढब म्हणजे काय ते रॉबर्ट गिलमोर या इंग्रज चित्रकाराकडे पाहावे. ब्रिटिश टपाल खात्याच्या २०१०च्या तिकिटांसाठी त्यांनी पक्ष्यांचे लिनोकट केले. त्यांत आपल्याही ओळखीची चिमणी आहे. तिकिटे छापखान्यातली, मूळ ठसे नव्हेत; पण चित्र पाकिटापाकिटावर गेले.

हा मुद्दा मला कोरणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायचे. जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि खाली तागाचे कापड. अशा साध्या वस्तूवर चित्तप्रसादांनी अंधेरीत राहून राबणारी मुले कोरली, ती चित्र अनेकांच्या हाती जावे म्हणून. आज वन्यजीवांचे लिनोकट मोजक्या प्रती काढून, क्रमांक घालून दिवाणखान्यांसाठी विकले जातात. चित्रकाराने पोट भरू नये असे नाही. पण कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शाळेत भृंगराजाचा एकही ठसा भिंतीवर नसेल, तर लिनो निवडण्याचे कारण तरी काय?