आजी कोणास म्हणावे?

देवस्थानांच्या स्मरणिकांतून आणि ज्ञातिपत्रिकांतून दिवंगत आजींवर येणारे लेख आम्ही अनेक वर्षे आवडीने वाचीत आलो आहो. त्या लेखांतील आजी पहाटे उठते, तुळशीला पाणी घालते, नातवंडांना न्हाऊमाखू घालते, सर्वांची पाने उठल्यावर जेवते आणि कोणाविषयी वावगा शब्द न काढता एके दिवशी निघून जाते. ह्यांतील एकही गोष्ट खोटी नसते. तरीही असे दहा लेख वाचल्यावर डोळ्यांपुढे दहा आजी उभ्या राहत नाहीत. एकच आजी दहा वेळा उभी राहते. लिहिणाऱ्यांच्या प्रेमात उणे काही नसते. मग ही माणसे एकमेकींत अशी विरघळून का जातात? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेत जाऊन राहिलेल्या एका कोरियन कुटुंबाच्या चित्रपटात सापडले, म्हणून ही चर्चा.

'मिनारी' हा चित्रपट २०२० साली प्रथम दाखविला गेला. त्याचे लेखक-दिग्दर्शक ली आयझॅक चंग ह्यांचा जन्म १९७८ चा, अमेरिकेतच झालेला. आईवडील कोरियातून आलेले, आणि बालपण आर्कान्सॉ राज्यातील शेतावर गेलेले. त्या बालपणाच्या आठवणींतून ही कथा घडली आहे. जेकब आणि मोनिका हे दांपत्य १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया सोडून आर्कान्सॉत येते आणि माळावर ठेवलेल्या चाकांच्या घरात राहते. पोटासाठी दोघेही कोंबडीच्या पिल्लांतून नर आणि मादी निवडण्याचे काम करतात. उरलेल्या वेळात जेकब कोरियन भाजीपाल्याची शेती उभारू पाहतो. मुले दोन, ॲन आणि डेव्हिड. डेव्हिडच्या हृदयात दोष असल्यामुळे त्याला धावण्याची मनाई आहे. मुलांना सांभाळायला घरात कोणी हवे, म्हणून मोनिकाची आई सून-जा कोरियाहून येते.

तिच्या गाठोड्यात मिरचीची पूड, सुकी बारीक मासळी आणि मिनारीचे बी असते. मिनारी म्हणजे पाणथळ जागी उगवणारी एक पालेभाजी. ती मिरचीची पूड पाहताच मोनिकाच्या डोळ्यांना पाणी येते. परमुलखात संसार मांडलेल्या लेकीला माहेरच्या तिखटाचा वास म्हणजे काय, हे आमच्या वाचकभगिनींस समजावून सांगावयास नको. पण नातू मात्र दूर सरकतो. ही आजी बिस्किटे भाजीत नाही; पत्ते खेळते, खेळताना शिव्या देते, दूरदर्शनवर कुस्त्या पाहते. तोंडाने फोडलेले चेस्टनटचे फळ ती मायेने त्याच्यापुढे धरते तेव्हा त्याला किळस येते. ती खरी आजी नव्हे, असा त्याचा निकाल ठरून गेलेला असतो.

वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक गोष्ट रोज दिसते: व्याख्या ज्याच्या हाती, निकाल त्याच्या हाती. डेव्हिडने आजीची व्याख्या आपल्या भोवतालच्या अमेरिकेतून उचलली आहे, आणि त्या व्याख्येत सून-जा बसत नाही. येथे सामान्य दिग्दर्शकाने काय केले असते? प्रसंगाप्रसंगाने आजीला सोवळी, गोड आणि सोशिक करीत नेऊन अखेर तिला व्याख्येत बसविले असते. चंग ह्यांनी आजीला हात लावला नाही. त्यांनी मुलाची व्याख्या बदलत नेली. ह्या चित्रपटाचे सारे यश आम्हांस ह्या एका निवडीत दिसते.

सून-जाचे काम करणाऱ्या युन यो-जंग ह्या १९७१ पासून कोरियन पडद्यावर असलेल्या अभिनेत्री. तुमच्या आजीची नक्कल मी करावयाची आहे काय, असे त्यांनी दिग्दर्शकास आरंभीच विचारले, आणि त्यांनी नाही म्हटले, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. स्मृतिलेखन करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नक्कल उतरविण्याचा हट्ट सोडल्यामुळेच पडद्यावर एक जिवंत म्हातारी वावरू लागते.

ह्या म्हातारीची भक्ती कसली? प्रार्थनामंदिरात मोनिका श्रद्धेने शंभर डॉलरची नोट दानाच्या ताटात टाकते आणि आजी ती हळूच परत काढून घेते. आमच्या स्मरणिकेत हा प्रसंग कोणी छापू दिला नसता. आम्हीही त्याचे समर्थन करीत नाही. पण ज्या घरात पै-पैची ओढाताण चालली आहे त्या घराचा विचार तिला देवाच्या ताटापुढेही सुटत नाही, हे तिचे खरे रूप आहे, आणि दिग्दर्शक ते झाकीत नाही. हीच स्त्री पुढे एका रात्री, मरणाच्या भयाने झोप उडालेल्या नातवाला कुशीत घेते आणि मी तुला मरू देणार नाही असे सांगते. सकाळी अंथरूण ओले आढळते. परंतु ह्या वेळी ते नातवाने नव्हे, आजीने ओले केलेले असते. रात्रीतून तिला अर्धांगाचा झटका आलेला असतो. पुढे डॉक्टर सांगतात की मुलाचे हृदय सुधारत आहे. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले होते; येथे देवघेव उलटी झाली, असे आम्हां हिंदू प्रेक्षकांच्या मनात आल्यावाचून राहत नाही. चित्रपट मात्र तसे म्हणत नाही. तो दोन घटना शेजारी ठेवतो आणि गप्प राहतो. हा संयम आमच्या लेखकांनी शिकण्यासारखा आहे.

शेवटी तीच आजी, एका हाताने का होईना, घरास उपयोगी पडावे म्हणून केरकचरा जाळू जाते आणि ठिणगी उडून साठविलेले सारे पीक कोठारासह जळते. आपण नकोशा झालो असे वाटून ती घराकडे पाठ फिरवून चालू लागते. तेव्हा ज्याला धावण्याची मनाई तो डेव्हिड धावत सुटतो आणि तिची वाट अडवितो. खरी आजी कोण ह्या खटल्याचा निकाल त्या धावण्यात लागतो.

डेव्हिडची चूक मोठ्या माणसांनीही केली. जन्माने अमेरिकन असलेल्या दिग्दर्शकाने, अमेरिकेत, तेथल्याच निर्मात्यांकडून केलेला हा चित्रपट. परंतु त्यातील बहुतेक संवाद कोरियन भाषेत. २०२१ च्या गोल्डन ग्लोब पारितोषिकांच्या वेळी निम्म्याहून कमी संवाद इंग्रजीत असलेल्या चित्रपटास मुख्य विभागात जागा नव्हती. त्यामुळे 'मिनारी'स परभाषी चित्रपटाचे पारितोषिक घेऊन समाधान मानावे लागले. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि पुढे तो नियम बदलण्यात आला. मुलाला जे एका उन्हाळ्यात उमगले ते जाणत्यांना उमगावयास वाद व्हावा लागला. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर वा बडोदे येथे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, आणि तरीही ज्यांना मूळचे कुठले म्हणून विचारले जाते, त्या आमच्या वाचकांना ह्या नियमातील बोच निराळी सांगावी लागणार नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये युन यो-जंग ह्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अभिनयाचे ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलावंत.

चित्रपट निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. थोरली ॲन घरातील निम्मी जबाबदारी मुकाट्याने उचलते, पण कॅमेरा तिच्याकडे फारसा वळत नाही. आजीचा वारसा नातवालाच मिळतो. ह्याहून मोठी उणीव आजीच्या पूर्वायुष्याची. कोरियन युद्धात पती गमावलेली आपली आजी इंचॉनच्या किनाऱ्यावरील चिखलात शिंपल्या गोळा करून संसार चालवीत असे, असे दिग्दर्शकाने स्वतः अन्यत्र सांगितले आहे. भाटीतल्या तिसऱ्यांवर घर चालविलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र कळेल. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. नातवाने जेवढे पाहिले तेवढेच चित्रपटात आले. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे हे योग्यच. परंतु नातवंडांच्या जन्मापूर्वीही आजी होती, आणि आपला मुलूख सोडताना तिने काय मागे टाकले हे विचारणे कथाकाराचे काम होते.

तरीही शेवटचे दृश्य मनात राहते. शेत जळाले आहे. पण आजीने ओढ्याकाठी टाकलेले बी, ज्याला कोणी खतपाणी घातले नव्हते, ते भरघोस वाढले आहे. बाप आणि मुलगा ती मिनारी खुडीत असतात, आणि आजीने जागा मोठी चांगली निवडली असे बाप म्हणतो. सासू ह्या नात्याने त्याने आजवर तिची एवढी वाखाणणी केलेली नसते.

पुढील स्मरणिकेसाठी आपल्या आजीवर लिहावयास जे बसतील त्यांना आमची एवढीच विनंती आहे. ती पत्त्यांत लबाडी करीत असेल तर तसे लिहावे. ती सुनेशी वर्षभर बोलली नसेल तर तेही लिहावे. कोणत्या गावाहून ती आली, येताना पदरात काय बांधून आणले आणि त्यातले येथे काय रुजले, हे विचारून लिहावे. सांगणारे अजून हयात आहेत तोवर विचारावे. तुळस आणि पहाट राहू द्यावीच. परंतु त्यांच्यामागे जी एक विशिष्ट बाई उभी होती तिला नाव, खोड आणि गाव असू द्यावे.