सिंधूचे बाळ

मराठी रंगभूमीवर सिंधूइतके अश्रू दुसऱ्या कोणत्या नायिकेच्या वाट्याला आले असतील असे वाटत नाही. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही लोटला नव्हता. बालगंधर्वांची सिंधू पाहून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी ती पुढे लेकीसुनांना सांगितली. त्या सांगण्यात सिंधू असे, सुधाकर असे, तळीराम तर असेच असे. बाळ मात्र पाळण्याच्या गाण्यापुरतेच उरले. वास्तविक त्या नाटकात मारहाणीने पहिला जीव जातो तो त्या बाळाचा.

गडकऱ्यांनी सारा दोष प्याल्यावर ठेवला. नाटकाच्या नावातच निकाल देऊन टाकला म्हणा ना! नाट्याच्या दृष्टीने ते सोयीचे होते, पण त्यामुळे प्रेक्षकाची फार स्वस्तात सुटका झाली. आपल्या घरात बाटली नाही, तेव्हा आपल्याकडे सुधाकर नाही, असे मानून तो घरी गेला. थेंबालाही न शिवणारे, चातुर्मास पाळणारे गृहस्थ हात उगारतात हे का कोणाला ठाऊक नाही?

तरीपण गडकरी थोर ते एका जागी. मरणाच्या दारात असलेली सिंधू चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे खोटे बोलते आणि नवऱ्याला वाचवते. पातिव्रत्याचा कळस म्हणून आपण तिथे रुमाल काढले. आज ते नाटक हाती घेतले की वाटते, नाटककाराच्या मनात काहीही असो, लेखणीने इथे घराघरातले सत्य टिपले आहे. ‘न्हाणीत पाय घसरला’, ‘दाराची कडी लागली’, ही वाक्ये सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरांवर किती वेळा उमटली असतील! ही वाक्ये ऐकूनही गप्प न बसण्याचे काम मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्राच्या रूपाने सुरू झाले. महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ते काढले. परिचारिकेने जखम पाहावी, सांगितलेल्या कारणाशी ती जुळते का हे ताडावे, बाईला बाजूला घेऊन हळूच विचारावे, असे ते काम. त्याआधी १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. पोलिसाच्या दारात पोलीस नसलेला माणूस बसवायचा, ही कल्पनाच मोठी शहाणपणाची.

आता घर सोडण्याविषयी. सिंधूला माहेर होते, पण शपथेने ते बंद झाले. पुढच्या नायिकांना आमच्या लेखकांनी दार उघडून दिले. इब्सेनची नोरा अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून १९४१ साली मराठीत आली आणि नायिकेने घराबाहेर पाऊल टाकले की पडदा पाडायचा, असा जणू प्रघातच पडला. परंतु नोराला मार नव्हता, आणि मुले सांभाळायला घरात दाई होती. तरीसुद्धा एका जर्मन नटीने, मी मुले टाकून जाणार नाही, असा हट्ट धरल्यामुळे इब्सेनला नाइलाजाने वेगळा शेवट लिहावा लागला. त्या नटीला लोक हसले. मला ती अगदीच हसण्यासारखी वाटत नाही.

शांता निसळ यांची ‘बेघर’ आणि तिच्यावरून जब्बार पटेलांनी १९८२ साली काढलेला ‘उंबरठा’ या बाबतीत खूपच पुढे गेले. बाहेर पडलेल्या बायका जिथे पोचतात त्या आश्रमाच्या आत तो चित्रपट शिरतो. तिथला कोंडमारा आणि व्यवस्थापक मंडळींचा कारभार यांची तो भीड ठेवत नाही. स्मिता पाटीलने केलेली सुलभा विसरता येत नाही. पण मनात घर करून राहते ती सुलभाचीच मुलगी, घरी जावेच्या मायेत वाढणारी. आश्रमातल्या बायकांची मुले आठवू गेल्यास आठवत नाहीत.

आणि खरी अडचण तर तिथेच आहे. २००५ च्या कायद्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. मुलांचा तात्पुरता ताबा तिच्याकडे देण्याची, नवऱ्याला त्या घरापासून दूर ठेवण्याची सोय केली. ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. २०१५ साली ‘सखी’ केंद्रे निघाली, तेव्हाच्या नियमांत बाईला पाच दिवसांपर्यंत आसरा होता. मुलगी कोणत्याही वयाची बरोबर चाले. मुलगा मात्र आठ वर्षांपर्यंतच. नियम करणाऱ्यांची काळजी समजते, आत इतर बायका-मुली असतात. पण चौथी-पाचवीतला पोरगा, जो मध्यरात्री आई आणि बाप यांच्या मध्ये उभा राहिला, त्याला दारातून वेगळीकडे पाठवायचे म्हटले तर आई काय करील? ती परत फिरेल. आपण म्हणू, बायका जातात कशाला पुन्हा त्याच घरी!

शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे आणखी एक जागा मला दिसते, जी नाटककारांना दिसली नाही: शाळेचे कार्यालय. घर सोडलेली आई मुलाला नव्या गावच्या शाळेत घेऊन येते. दाखला जुन्या शाळेत, जुनी शाळा नवऱ्याच्या गल्लीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. तरी ‘वडिलांची सही घेऊन या’ हे वाक्य सवयीने तोंडातून निघतेच. त्या वेळी बाईचा चेहरा पाहावा, आणि तिच्या पदराला धरून उभ्या असलेल्या मुलाचाही. त्याला उत्तर ठाऊक असते आणि ते देऊ नये हेही. यात एका अंकाचे सामान आहे. कोणी लिहिला आहे तो अंक?

प्रवेश झाला, हजेरीपटात नाव चढले, तरी प्रसंग संपत नाही. आठवड्या-पंधरवड्याने एक गृहस्थ येतो. कपडे नीटनेटके, बोलणे मृदू. मुलासाठी खाऊ आणलेला असतो. मी वडील, म्हणतो, जरा घरचा पत्ता पाहिजे होता. न्यायाधीशाचा हुकूम असला तर त्याला शाळेत येण्याचीही मनाई असू शकते. पण हुकूम आहे की नाही हे कारकुनाला कोणी सांगितलेले नसते, आणि रजिस्टर समोर उघडेच असते.