बलुतेदारीपासून भागीदारीपर्यंत

बेकार तरुणांच्या प्रश्नावर बोलताना शासन, उद्योगपती आणि विद्यापीठे हे तिघेही अलीकडे एकच शब्द वापरतात. तो शब्द ‘भागीदारी’. तालुक्याचे महाविद्यालय किंवा आयटीआय, जवळची औद्योगिक वसाहत, जिल्ह्याचे कौशल्य विकास कार्यालय आणि एखादी सेवाभावी संस्था यांनी एकत्र यावे, स्थानिक तरुणाला स्थानिक काम मिळवून द्यावे, असा हा विचार आहे. तो दिसायला इतका निरुपद्रवी आहे की त्याविषयी शंका घेणारा माणूस आडमुठा ठरतो. परंतु दलित चळवळीने ही शंका घेतलीच पाहिजे. ‘स्थानिक’ आणि ‘भागीदारी’ या दोन्ही शब्दांशी आपला जुना परिचय आहे, आणि तो सुखाचा नाही.

कामाची स्थानिक भागीदारी या देशात नवीन नाही. बलुतेदारी म्हणजे दुसरे काय होते? प्रत्येकाला गावातच काम होते, कोणी बेकार नव्हता, कामाचा मोबदला खळ्यावर ठरलेला होता. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनी हे सारे फार प्रेमाने लिहिले आहे. महाराच्या वाट्याला मात्र तराळकी, येसकरकी, सांगावा पोचवणे आणि मेलेले ढोर ओढणे आले. काम होते, पण ते नाकारण्याचा किंवा दुसरे निवडण्याचा अधिकार नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, त्यामागे हीच जाणीव होती. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्या भागीदारीत एका बाजूला नकार देता येत नाही, तिला भागीदारी म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

आपल्या माणसांच्या श्रमाचा आधुनिक इतिहास पाहिला तर तो गाव सोडण्याचाच इतिहास आहे. पलटण, रेल्वे, दारूगोळ्याचे कारखाने, गोद्या, मुंबई-नागपूरच्या कापड गिरण्या, असा हा प्रवास आहे. जिथे आपल्याला कोणी ओळखत नव्हते तिथे आपल्याला काम मिळाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या स्थानिकतेवर जो कठोर हल्ला केला, तो पुष्कळांना अजून पचलेला नाही. त्याचा अर्थ या प्रवासाच्या संदर्भातच नीट लागतो.

अर्थात शहरातही स्थानिकता आपल्या मागोमाग आली. गिरणीत भरती करणारा जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्याजातीची माणसे भरी. अस्पृश्य कामगार सूतकताईच्या खात्यात असे. अधिक मजुरीचे विणखाते त्याला बंद होते. धोट्यातील कांडी संपली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून स्पृश्य विणकराला त्याचा शेजार चालत नसे. यंत्र विलायतेहून आले, पण त्या यंत्राजवळ कोणी उभे राहायचे हे गावच ठरवत होते. १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी भांडवलशाहीबरोबर ब्राह्मण्यालाही कामगारांचा शत्रू ठरवले, ते अशा अनुभवांच्या आधारावर. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (त्याच नावाचा संग्रह १९६३) मी वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांचे लक्ष त्यातील अपमानाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. पण ती नोकरीचीही कथा आहे. नायकाला रेल्वेत काम मिळते, खोली मात्र जात लपवल्याशिवाय मिळत नाही. समीक्षकांनी या कथेतील विद्रोहाची पुष्कळ चर्चा केली. रोजगाराचा प्रश्न नेमणुकीच्या कागदावर संपत नाही हे तिचे सांगणे त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

आता आजच्या भागीदारीची रचना पाहू. १९५९च्या कायद्याने खाजगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवण्याची सक्ती केली. सक्ती कळवण्यापुरतीच होती. त्या कार्यालयाकडून आलेला उमेदवार घेण्याची नव्हती. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदाही याच वळणाचा. त्यातील अठराव्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आणि बाविसावे कलम मुळात असे सांगत होते की, प्रशिक्षण पूर्ण झालेल्या उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ साली ते बदलले. आता मालकाने याबाबत स्वतःचे धोरण आखावे, एवढेच त्यात आहे. मात्र याच कायद्यात १९७३ साली ३-अ हे कलम आले आणि शिकाऊ जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी मालकाने जागा राखून ठेवाव्यात अशी तरतूद झाली. खाजगी कारखान्यालाही लागू असलेली ही राखीव तरतूद आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे, अशा घोषणा आपण वर्षानुवर्षे देत आलो. जे कलम आधीच पुस्तकात आहे त्याची अंमलबजावणी कोणत्या कारखान्यात कशी होते, हे विचारायला आपण फारसे गेलो नाही.

‘स्थानिक भागीदारी’चा खरा चेहरा २००७ सालच्या योजनेत दिसतो. देशातील १,३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या सहभागाने सुधारण्याचे ठरले. प्रत्येक संस्थेसाठी व्यवस्थापन समिती; तिचा अध्यक्ष उद्योग भागीदार; त्याच्याच पसंतीचे आणखी चार स्थानिक उद्योजक. शासनाच्या बाजूने जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा प्रतिनिधी, स्थानिक शिक्षणक्षेत्रातील एक जाणकार, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. प्राचार्य सदस्य-सचिव. या समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंतचे बिनव्याजी कर्ज आणि वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकार. पैसा सरकारचा, जागा सरकारची, विद्यार्थी बहुतांशी कष्टकऱ्यांचे आणि खुर्ची उद्योजकाची. ज्या वस्त्यांमधून ही मुले येतात त्या वस्त्यांचा, कामगार संघटनेचा किंवा शेतमजुरांचा एकही प्रतिनिधी या यादीत नाही. तालुक्याच्या गावी उद्योजक कोण असतो, त्याचे साखर कारखान्याशी, बँकेशी, शिक्षणसंस्थेशी कोणते नाते असते, हे वाचकांना मी सांगायला नको.

२०२४ साली महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास महिना ६,०००, आयटीआय-पदविकेस ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन, आणि तेही शासनाकडून. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली. नंतर काय, हा प्रश्न घेऊन हीच मुले रस्त्यावर आली. ‘प्रशिक्षण’ या शब्दाने त्यांच्या श्रमाला नाव दिले, पण हक्क दिला नाही.

गुणवत्ता असेल तर काम मिळतेच, असे म्हणणाऱ्यांसाठी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पुरेसा आहे. वर्तमानपत्रातील जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे, केवळ नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश पडले. मुस्लिम नावाला त्याहूनही कमी, सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की जात कोणी विचारत नाही. ‘कुटुंबाची पार्श्वभूमी’ विचारली जाते. हे जाहिरात देणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे झाले. स्थानिक भागीदारीत तर पुष्कळदा जाहिरातही नसते. तिथे फोन असतो, ओळख असते, ‘आपला मुलगा आहे’ हे वाक्य असते. गिरणीतला जॉबर गेला, त्याचे काम मात्र चालू आहे.

महाविद्यालयांत हे रोज दिसते. नॅकच्या मूल्यमापनात उद्योगांशी केलेल्या सामंजस्य करारांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हापासून करारांचे पीक आले. फोटो निघतात, फाईल जाड होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गाला प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक आले आहेत. माझ्या वर्गात सरळ दोन गट पडतात. ज्याचा मामा पतसंस्थेत, काका वकील, त्याची जागा त्याच आठवड्यात ठरते. ज्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते तो महाविद्यालयाचे पत्र खिशात घालून दुकान-दुकान हिंडतो आणि ‘नंतर या’ ऐकून परत येतो. मीही घरातला पहिला पदवीधर. त्याला पाठवावे अशी एकही जागा माझ्या ओळखीत नसते. दोघांच्याही गुणपत्रिकेवर श्रेयांक चारच छापले जातात.

मग स्थानिक कामालाच नकार द्यावा काय? असे म्हणणे सोपे आहे, विशेषतः आपण पुरुष असलो तर. दिवस मावळायच्या आत जिला घर गाठावे लागते त्या मुलीला पुण्याची नोकरी ही नोकरीच नाही. तिच्यासाठी एसटीच्या अंतरातले काम हेच काम. आजारी बाप आणि दोन धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलालाही गाव सोडण्याचा उपदेश करून भागत नाही. म्हणून स्थानिक रोजगाराचा प्रश्न टाळता येणार नाही. तो ओळखीच्या हातातून काढून नियमाच्या हाती द्यावा लागेल. आपल्याला गिरणीपेक्षा रेल्वे आणि सरकारी कचेरी अधिक मानवली, कारण तिथे भरतीला निदान कागदावर नियम होता. २००६ साली खाजगी आरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी कायद्याऐवजी स्वेच्छेचा मार्ग पुढे केला, शिष्यवृत्त्या आणि शिकवण्यांची आश्वासने दिली. स्वेच्छा ही देणाऱ्याची असते.

चळवळीने येथे फार मोठे काही करायचे आहे असे नाही. आयटीआयचा प्राचार्य हा शासकीय अधिकारी आणि समितीचा सदस्य-सचिव आहे. समितीच्या सभांची इतिवृत्ते, कर्जाचा खर्च, वीस टक्के प्रवेश कोणाला मिळाले त्याची यादी, ही माहिती त्याच्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. समितीवरील विद्यार्थी प्रतिनिधी कोण आहे, त्याला एखाद्या तरी सभेचे बोलावणे गेले होते काय, हे विचारता येते. औद्योगिक वसाहतीत कोणत्या कारखान्याने ३-अ कलमाखाली किती जागा राखल्या, त्यांतील किती भरल्या आणि प्रशिक्षण संपल्यावर त्यांपैकी कोणाला कामावर ठेवले, ही यादी दरवर्षी आयटीआयच्या फळ्यावर लागली पाहिजे, अशी मागणी जिल्हा कौशल्य समितीचे अध्यक्ष असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. १४ एप्रिलच्या वर्गणीतून एक टेबल, एक वही आणि टपालाचा खर्च सहज निघेल. वही सांभाळायला पदवीधर मुले प्रत्येक वस्तीत बसून आहेत.