पुनःश्रवण आणि देशीयतेचा प्रश्न
हेवी मेटल आणि हार्डकोर यांना ‘उसने’ ठरवून आपली समीक्षा मोकळी होते. मुंबईच्या ‘भयानक मौत’ (स्थापना २००३) आणि ‘स्क्राइब’ (२००५) या बँडांची गीते प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने हा निवाडा सोपा वाटतो. पुनःश्रवणात तो टिकत नाही. ‘स्क्राइब’च्या ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) या अल्बमांची नावे प्रथम निव्वळ थट्टा भासतात. पुन्हा ऐकताना जाणवते, की पाश्चात्त्य मेटलमधील सैतानाच्या जागी येथे हिंदी चित्रपटाचा खलनायक आला आहे: ‘मिस्टर इंडिया’चा (१९८७) दरारा आणि ‘अंदाज अपना अपना’चे (१९९४) हसे एकत्र नांदतात. शिवाय गुरगुरत्या कंठस्वरात शब्द विरघळतो. उपनगरी रेल्वेच्या टोकाला, कसाऱ्यात राहणारा, इंग्रजी जेमतेम जाणणारा श्रोता आणि दक्षिण मुंबईतील इंग्रजीभाषक त्या क्षणापुरते समान पातळीवर येतात. देशीयता केवळ संहितेच्या भाषेत शोधणाऱ्या देशीवादाला हा अनुभव अडचणीचा ठरतो. अर्थात, ध्वनीने दिलेली ही समता कार्यक्रमाच्या प्रवेशद्वारापाशी किती उरते, हा प्रश्न समीक्षेने टाळू नये.