मराठी प्रेमकथेतील आई आणि मुलगी

मराठी प्रेमकथेचा विचार करताना समीक्षकांची दृष्टी बहुधा नायक-नायिकांवर खिळलेली असते; फार तर ती नायिकेच्या पित्यापर्यंत पोहोचते. पिता विरोधक म्हणून उपयोगी पडतो, कारण त्याच्या नकाराने कथानकाला पेच मिळतो. आईचे तसे नाही. तिचा विरोध मायेच्या, आजारपणाच्या वा मौनाच्या रूपाने येतो आणि त्यास उत्तर देणे नायिकेला जड जाते. म्हणूनच की काय, कित्येक कथाकारांनी तिला कथेबाहेर ठेवणेच सोयीचे मानले. शरच्चंद्रांच्या ‘परिणीते’तील (१९१४) ललिता पोरकी असून मामाच्या आश्रयाने वाढते. जपानी कादंबरीकार तानिझाकी यांच्या ‘सासामेयुकी’त युकिकोच्या लग्नाची खटपट थोरल्या बहिणींना करावी लागते, कारण आईवडील हयात नाहीत.

मराठीत या प्रश्नाला एक निराळे अंग आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’त येऊ लागली, तेव्हा मुलीच्या आयुष्यात विवाहपूर्व प्रेमाला वयच नव्हते. यमूचे प्रेम लग्नानंतरचे, आणि आईशी तिचे नाते लहानग्या मुलीचे. पुढे स्त्रीशिक्षण वाढले; १९१६ मध्ये कर्व्यांचे महिला विद्यापीठ निघाले; १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. कायद्यापेक्षा शाळा-कॉलेजांनी हे वय अधिक लांबविले, हे खरे. पण बालपण व लग्न यांमध्ये जी काही वर्षे अशी मोकळी झाली, त्यांतच मराठी प्रेमकथेची तरुण नायिका जन्मली. ती आईच्या घरात राहून, आईला कधीच न लाभलेले वय जगत होती. दोघींमधील ताणाचे मूळ येथे शोधावे लागते. केवळ ‘जुने-नवे’ एवढ्या शब्दांनी त्याचा उलगडा होत नाही.

हा ताण निर्भयपणे प्रथम मांडला तो विभावरी शिरूरकरांनी, ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये (१९३३). त्या टोपणनावामागे कोण आहे याच्या कुतूहलातच त्या वेळची बरीच चर्चा खर्ची पडली. संग्रहातील मुली शिकलेल्या, मिळवत्या व अविवाहित आहेत. मुलगी मिळवती झाली की घराच्या अपेक्षा दुहेरी होतात: तिचे लग्न व्हावे ही एक, आणि तिची मिळकत घरातून जाऊ नये ही दुसरी, न बोललेली. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यातील एका कथेचे शीर्षकच पाहावे. संसार ‘बाबांचा’ आहे. ज्या आईने तो उभा केला तिचाही तो नाही, आणि मुलीचा तर नाहीच. त्या एका षष्ठी विभक्तीत दोघी एकाच बाजूला येतात. खेदाची गोष्ट एवढीच की, कथांचा दृष्टिकोन बहुतांशी मुलीचाच राहतो. आईला स्वतःचे म्हणणे मांडण्याची संधी क्वचितच मिळते.

याच १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. ते पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी मनातील आईची प्रतिमा त्याने कायमची ठरविली. ती आई मुलाची आहे. मुलाच्या स्मरणात तिचा त्याग वंदनीय ठरतो. मुलीच्या दृष्टीस तोच त्याग उद्या आपल्याही वाट्याला येणार म्हणून भयावह वाटतो. कुमारवयीन वाचकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या पहिले पुस्तक दिले गेले. दुसरे देण्याचा विचार फारसा झाला नाही.

नागपुरातील अभ्यासकाला या विषयाचे साधन दूर शोधावयास नको. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथाच्या कर्त्या कुसुमावती देशपांडे यांनी येथेच इंग्रजीचे अध्यापन केले. त्यांचा व कवी अनिलांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये प्रकाशित झाला आहे. विभावरींच्या कल्पित नायिका ज्या पिढीतील, त्याच पिढीतील एका सुशिक्षित तरुणीच्या हातची ही पत्रे आहेत. प्रेमपत्रे म्हणून ती पुष्कळांनी वाचली; घरातील मुलीची पत्रे म्हणून ती वाचावयाची आहेत.