‘अहो’चा आधार : स्मृतिभ्रंश आणि पती-पत्नीचा संवाद

अल्झायमर हे नाव ज्या रुग्णावरून रूढ झालं, तिची नोंद प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना त्यांचं नाव विचारलं, मग नवऱ्याचं. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचंच नाव सांगितलं.

ही परीक्षा आपल्या घरांत अजून चालू आहे. पाहुणा येतो आणि रुग्णाच्या समोर बसून विचारतो, “सांगा बघू, मी कोण?” २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तरीही ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हा विषय हसण्यावारी नेतो. अशा रुग्णाशी त्याच्या जोडीदारानं बोलावं कसं, हे शोधत मी दोन चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले.

पहिला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३). मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री हत्तीच्या मागोमाग जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना परीक्षेला बसवत नाही. ती खाऊ घालते, जवळ बसते. ते तिला ‘आई’ म्हणतात, तर ती आई होते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थच आहे. मात्र चन्नम्माचं शहाणपण परक्या माणसाचं आहे. शास्त्रींबरोबर तिचा भूतकाळ नाही, त्यामुळे ‘आई’ होताना तिला काही सोडावं लागत नाही. ज्या बाईनं तीस वर्षं संसार केला, तिला नवऱ्यानं ‘आई’ म्हटलं तर तिचं पत्नीपण कुठे जातं? चित्रपटात सांभाळण्याचा भार मुलीवर आहे. त्यामुळे हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

दुसरा अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’. भाषा हिंदी असली, तरी माणसं आणि वेंगुर्ला आपलं आहे. स्मृती पुसट होऊ लागलेली शैलजा नवऱ्याला घेऊन बालपणीच्या गावी जाते. शेफाली शाह आणि स्वानंद किरकिरे यांनी या जोडप्याचं सवयीनं मुकं झालेलं नातं फार संयमानं उभं केलं आहे. बायकोचं कधी न पाहिलेलं रूप नवऱ्यासमोर येतं आणि ऐकण्याची पाळी त्याच्यावर येते. विस्मरण दारात आल्यावर संवाद सुरू व्हावा, ही या चित्रपटाची मोठी पकड. पण तो थांबतो तेव्हा शैलजाकडे शब्द शिल्लक आहेत. पुढची अवघड वाट तो प्रेक्षकावर सोपवतो.

एका चित्रपटात शब्द संपत आलेले आहेत, पण समोर पत्नी नाही. दुसऱ्यात जोडीदार आहे, पण शब्द अजून गेलेले नाहीत. मधली जागा मोकळीच राहते. सावेडीत गुलमोहर रस्त्यावरच्या आमच्या घरात मी त्या जागेत राहते. माझे यजमान मला संध्याकाळी विचारतात, “तुमचे मिस्टर अजून आले नाहीत?” मी म्हणते, “येतील इतक्यात. अहो, तोवर चहा घ्या.” ते चहा घेतात.

या उत्तरात मराठीनं मला मदत केली. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांनी नवऱ्याला नावानं हाक मारली नाही. ‘अहो’ म्हटलं. त्या चालीत बाईवरचा दाब होता, हे खरंच. पण हा शब्द नवऱ्याला चालतो तसा अनोळखी पाहुण्यालाही चालतो. त्यांना मी बायको वाटो किंवा शेजारीण, माझी हाक बदलत नाही. मला खोटं बोलावं लागत नाही आणि त्यांना परीक्षा द्यावी लागत नाही. ‘अगं’ मात्र गेलं. त्यांच्या ‘तुम्ही’त आदर आहे, आणि तो आदरच मला बोचतो.

चन्नम्माची माया आणि शैलजाच्या नवऱ्याचं ऐकणं, दोन्ही जोडीदाराला लागतंच. त्याखेरीज एक तिसरी गोष्ट लागते : समोरच्यानं नातं विसरल्यावर ते एकट्यानं आठवत राहणं, आणि त्याच्यावर ते न लादणं. या एकटेपणाची गोष्ट आपल्या कथाकारांनी, नाटककारांनी लिहायला हवी. तिचे संवाद घराघरांत रोज बोलले जात आहेत.