'बेमुदत' म्हणजे नक्की काय? ओपन गेम लायसन्सचं एक वाचन

रिसर्चला येणाऱ्यांना पेपर कसा वाचायचा हे शिकवतात, लायसन्स कसं वाचायचं हे सहसा नाही. म्हणून आज एका लायसन्सचं परीक्षण, तेही एका खेळाच्या.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. २००० साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने त्याच्या नियमांचा मोठा भाग 'ओपन गेम लायसन्स'खाली खुला केला. घ्या, बदला, विका, रॉयल्टी नको. त्यावर छोट्या प्रकाशकांची अख्खी बाजारपेठ उभी राहिली. पायझो कंपनीचा पाथफाइंडर (२००९) त्यातलाच.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या आवृत्तीचा मसुदा फुटला. जुनी आवृत्ती यापुढे 'अधिकृत' नाही, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमाई गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी!

कंपनीला हावरट म्हणणं सोपंय, आणि ते चूकही नाही. पण मला जास्त खटकतो तो मूळ मजकूर. त्यात परवाना 'बेमुदत' दिलाय, 'मागे न घेता येणारा' असं कुठेच म्हटलेलं नाही. दोन्ही एकच वाटतं ना? मग बेमुदत संप आठवा, तो कधीही मागे घेतला जातो. पुढे कलम ९ म्हणतं, कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरा. अधिकृत म्हणजे काय, याची व्याख्याच नाही. लायसन्स घडवणारे रायन डान्सी यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की ते मागे घेता यावं असा हेतू कधीच नव्हता. मान्य. पण हेतू कागदावर उतरलेला नव्हता.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतोच, फक्त ते ज्या शब्दांत मांडलेत त्यावर असतो. याचं मूळ १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात आहे, आणि तो होता हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवर! म्हणजे लायसन्सने दिलं त्यातलं बरंचसं आधीच मोकळं होतं. उलट, 'आमचं पुस्तक अमुक खेळाबरोबर चालतं' असं दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव घेऊन सांगायची मुभा मात्र त्याने काढून घेतली. मग प्रकाशकांना मिळालं काय? कोर्टात खेचले जाणार नाही ही निश्चिंती. आणि नेमकी तीच ढिसाळ मजकुराने धोक्यात आणली.

खेळाडू इतके भडकले की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० खाली टाकला. त्यात 'मागे न घेता येणारा' हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपले ओपन ॲक्सेस पेपर बरेचदा याच लायसन्सखाली येतात.

कोडचं काय? अपाची २.० मध्ये तो शब्द आहे. लॅबमध्ये सर्रास चिकटवलं जाणारं एमआयटी लायसन्स उघडा आणि तिथे शोधून बघा. नाहीये.